कॉन्ट्रा ३ लाइफमध्ये कसा पूर्ण करावा: स्टेजवार मार्गदर्शन

इंदूरमध्ये १९९० च्या दशकात ज्यांचे शाळकरी वय गेले, त्यांच्यापैकी कॉन्ट्रा हा व्हिडिओ गेम न खेळलेला माणूस शोधावा लागेल. मात्र ३ ऐवजी ३० लाइफ देणारी बटणांची गुप्त युक्ती न वापरता आठही स्टेज पार केलेला माणूस शोधायला त्याहून अधिक वेळ लागेल. हा खेळ विजेच्या चपळाईने बोटे चालवणाऱ्यांसाठीच आहे, असा समज त्या काळी रुजला आणि अजून तो गेलेला नाही. माझे मत याच्या अगदी उलट आहे. कॉन्ट्रा हा डोळ्यांचा आणि स्मरणशक्तीचा खेळ आहे. भिंतीतल्या बंदुका, शस्त्रांच्या पेट्या आणि बॉसच्या, म्हणजे स्टेजच्या शेवटच्या मोठ्या शत्रूच्या, हालचाली दर वेळी त्याच जागी व त्याच क्रमाने येतात, धावत येणारे सैनिक तेवढे थोडे मागेपुढे होतात. प्रत्येक हल्ल्यापूर्वी खेळ सूचना देतो, आणि ती ओळखता आली की सामान्य हात असलेला माणूसही तो ३ लाइफमध्ये संपवू शकतो. राजेंद्रनगरमधल्या आमच्या घरी सुट्टीत जमणाऱ्या भाचेमंडळींना शिकवताना जी पद्धत उपयोगी पडली, ती येथे क्रमाने मांडत आहे.

खेळाची थोडी ओळख

कोनामी या जपानी कंपनीने कॉन्ट्रा प्रथम १९८७ मध्ये आर्केडसाठी, म्हणजे दुकानात नाणे टाकून खेळायच्या यंत्रासाठी, काढला. त्याचा पडदा उभा होता, आणि आज तो खेळताना चित्र अरुंद व दाटीचे वाटते. १९८८ मध्ये निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रासाठी आलेली आवृत्ती ही केवळ नक्कल नव्हती; स्टेज नव्याने आखले गेले, लांबवले गेले, आणि उडी व नेमबाजी अधिक काटेकोर झाली. मूळ आर्केडपेक्षा घरगुती आवृत्ती सरस ठरल्याची फार थोडी उदाहरणे आहेत आणि हे त्यांतले ठळक उदाहरण आहे. हा लेख त्याच आवृत्तीविषयी आहे.

मूळ जपानी कथेनुसार काळ इ. स. २६३३ चा आहे, न्यूझीलंडजवळच्या गलुगा द्वीपसमूहावर रेड फाल्कन नावाची संघटना उतरली आहे आणि बिल रायझर व लान्स बीन हे दोन सैनिक तिचा नाश करायला निघाले आहेत. अमेरिकेत विकताना हीच कथा वर्तमानकाळात आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलात नेण्यात आली. युरोपात १९९० मध्ये हा खेळ ‘प्रोबोटेक्टर’ या नावाने आला व त्यात माणसांच्या जागी यंत्रमानव घातले गेले. आपल्याकडे तो पोहोचला तो मूळ यंत्रांच्या स्वस्त नकलांमधून, एका कॅसेटमध्ये हजारो खेळ असल्याचा दावा करणाऱ्या पिवळ्या-लाल कॅसेटींवर. त्या हजारांत खरे खेळ मोजकेच असत, पण यादीच्या वरच्या टोकाला कॉन्ट्रा हमखास असे.

जपानी आणि अमेरिकी आवृत्त्यांत एक सुंदर फरक आहे. जपानी कॅसेटमध्ये कोनामीची स्वतःची अधिक समर्थ चिप होती. तिच्यामुळे पहिल्या स्टेजमधली झाडे वाऱ्यावर हलतात, बर्फाच्या स्टेजमध्ये खरोखर बर्फ पडतो, आणि दोन स्टेजच्या मध्ये नकाशा व छोटी दृश्ये येतात. अमेरिकी कॅसेटमध्ये यातले काहीच नाही. खेळण्याची रीत मात्र दोन्हीत सारखीच आहे.

साहित्याची तयारी

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे कोनामीने २०१९ मध्ये काढलेला ‘कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन’ हा संच. तो संगणकावर तसेच स्विच, प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन यांवर चालतो, आणि त्यात आर्केड, अमेरिकी व जपानी अशा तिन्ही आवृत्त्या आहेत. त्यात हव्या त्या क्षणी खेळ साठवून ठेवता येतो आणि सरावासाठी ही सोय अमूल्य आहे. मूळ खेळात साठवण्याची काहीही व्यवस्था नव्हती, पासवर्डही नव्हता. उन्हाळ्याच्या दुपारी सहाव्या स्टेजला पोहोचल्यावर वीज गेली की पुन्हा पहिल्या स्टेजपासून सुरुवात करावी लागे, हे इंदूरच्या त्या पिढीला वेगळे सांगायला नको.

कंट्रोलर शक्यतो वायरचा घ्यावा. जेलरोडवरच्या दुकानांत यूएसबीचे साधे कंट्रोलर सहज मिळतात. घेताना एकच गोष्ट तपासावी, ती म्हणजे दिशादर्शक फुलीचे बटण. फुलीवर ‘खाली’ दाबताना अंगठा जरा सरकला आणि लगेच ‘तिरके खाली’ लागले, तर तो कंट्रोलर या खेळाला निरुपयोगी आहे, कारण कॉन्ट्रात सरळ खाली दाबले तर माणूस पालथा पडतो आणि तिरके दाबले तर उभ्याने चालत राहतो. दुकानातच अंगठा दहा-वीस वेळा वर-खाली फिरवून पाहावे. दुकानदार हरकत घेत नाहीत.

टीव्ही नवा असेल तर त्यातली ‘गेम मोड’ ही सोय चालू करावी. चित्र सुधारण्यासाठी नवे टीव्ही प्रत्येक चौकटीवर काही प्रक्रिया करतात आणि तेवढ्या उशिराने बटणाचा परिणाम दिसतो. जुन्या काचेच्या टीव्हीत हा उशीर नव्हता. आणखी एक बाब अनेकांना गोंधळात टाकते: आपले जुने टीव्ही पाल पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणारे होते, तर जपान व अमेरिकेत तो आकडा ६० होता. त्यामुळे आज मूळ वेगाने चालणारा खेळ लहानपणीच्या आठवणीपेक्षा वेगवान वाटू शकतो. चार-दोन दिवसांत डोळे त्याला सरावतात.

माळ्यावरचे जुने यंत्र आणि कॅसेट वापरायची असेल, तर कॅसेटमध्ये फुंकर मारण्याची सवय सोडावी. तोंडातल्या ओलाव्याने तांब्याच्या पट्ट्या गंजतात. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्या पुसाव्यात, पूर्ण वाळू द्याव्यात आणि मगच कॅसेट लावावी. ॲडॉप्टर बदलताना व्होल्टेज आणि पिनेची धन-ऋण बाजू यंत्रावरच्या छापील खुणेशी जुळवून घ्यावी. नुसती पिन बसते म्हणून कोणताही ॲडॉप्टर लावू नये.

हालचाली: शस्त्राला हात लावण्यापूर्वी

कोणताही स्टेज पाठ करण्यापूर्वी पहिल्या स्टेजच्या सुरुवातीच्या पडद्यावरच थांबून पुढील हालचाली हाताला बसवाव्यात. उडीची उंची ठरलेली आहे. बटण कितीही वेळ दाबले तरी ती बदलत नाही. हवेत असताना दिशा मात्र बदलता येते, म्हणजे चुकीची उडी घेतली तरी ती परत वळवता येते. उडीत माणूस अंगाची मोळी करून गोल फिरतो, त्या वेळी त्याचा आकार लहान होतो, आणि उभ्याने लागली असती अशी गोळी कडेने निघून जाते. ‘खाली’ आणि उडी एकत्र दाबल्यास माणूस खालच्या फळीवर उतरतो. पाण्यात ‘खाली’ दाबल्यास तो बुडी मारतो. बुडी असेपर्यंत त्याला काहीही लागत नाही, पण त्यालाही गोळी झाडता येत नाही.

नेम आठ दिशांना धरता येतो. धावताना वरच्या किंवा खालच्या तिरक्या दिशेला गोळ्या सोडणे सर्वांना जमते. उडीत असताना सरळ खाली गोळी मारणे मात्र बहुतेक जण कधीच वापरत नाहीत आणि तिसऱ्या स्टेजमध्ये त्याची किंमत मोजतात. उडी घ्यावी, हवेत ‘खाली’ धरावे, गोळी सोडावी, हे दोन्ही हातांना न पाहता जमेपर्यंत करत राहावे.

एका गोळीत मरण येते. मेल्यावर माणूस त्याच पडद्यावर वरून पुन्हा पडतो आणि काही क्षण लुकलुकत राहतो. तेवढ्या वेळात त्याला काही होत नाही. हातातले शस्त्र मात्र जाते. कॉन्ट्राचा खरा कठीणपणा या शेवटच्या वाक्यात आहे. एक लाइफ गेल्याने फारसे बिघडत नाही, पण साधी रायफल हातात आल्यामुळे पुढच्या अर्ध्या मिनिटात उरलेल्या दोन जातात. म्हणून मेल्याबरोबर पुढे धावू नये. लुकलुकण्याच्या त्या काही क्षणांत सुरक्षित जागा गाठावी आणि पुढची शस्त्राची पेटी येईपर्यंत खेळ सावकाश न्यावा.

शस्त्रे, आणि ‘एस’ इतका महत्त्वाचा का

शस्त्रे उडत्या पेट्यांतून किंवा भिंतीतल्या उघडझाप करणाऱ्या पेट्यांतून मिळतात. बंद असताना भिंतीतल्या पेटीवर गोळी वाया जाते, उघडली की मारावी. ‘एम’ म्हणजे मशिनगन, तिचे बटण दाबून धरले तरी चालते. ‘एफ’चा आगीचा गोळा वळसे घेत जातो व फार सावकाश जातो, तो शक्यतो टाळावा. ‘आर’ हे वेगळे शस्त्र नसून हातातल्या शस्त्राच्या गोळ्यांचा वेग वाढवते. ‘बी’ने काही काळ कवच मिळते.

‘एल’, म्हणजे लेझर, ताकदीने जबर आहे, पण त्याला शिस्त लागते. पहिला किरण पडद्यावर असताना बटण पुन्हा दाबले, तर तो पुसला जाऊन नवा सुरू होतो. नकली यंत्रांच्या कंट्रोलरवर टर्बो बटणे, म्हणजे धरून ठेवली की आपोआप पुन्हा-पुन्हा दाबली जाणारी बटणे, असत. लेझर घेऊन टर्बो दाबले की किरण बंदुकीच्या तोंडाशीच पुसला जाऊन पुन्हा सुरू होत राहतो आणि समोरच्या शत्रूला काहीच लागत नाही. लेझर वाईट आहे हे आपल्याकडचे सार्वत्रिक मत बहुधा या टर्बोमुळे तयार झाले असावे. एकदा दाबावे, किरण लागू द्यावा, मग पुन्हा दाबावे.

‘एस’ हे शस्त्र एका दाबात पाच गोळ्या पंख्यासारख्या सोडते. त्याची रुंदी सर्वांना दिसते, पण त्याचे दुसरे रहस्य फार थोड्यांना ठाऊक असते. पडद्यावर एका वेळी या शस्त्राच्या दहाच गोळ्या राहू शकतात, म्हणजे दोन दाब. त्या दहा गोळ्या कशाला तरी लागेपर्यंत किंवा पडद्याबाहेर जाईपर्यंत तिसरा दाब पूर्ण काम करत नाही. आता याचा अर्थ पाहावा. बॉसपासून दूर उभे राहून मारले तर पाचांतल्या दोन-तीनच गोळ्या त्याला लागतात आणि बाकीच्या पडदा ओलांडेपर्यंत जागा अडवून बसतात. अगदी जवळ जाऊन मारले तर पाचही लागतात, लागताच नाहीशा होतात, आणि लगेच पुढचा दाब मोकळा होतो. जवळ जाणे भीतीदायक वाटते, पण ‘एस’ हातात असताना तेच सुरक्षित असते, कारण बॉस अनेकदा पहिला हल्ला पूर्ण करण्यापूर्वीच संपतो. पहिल्याच स्टेजमध्ये ‘एस’ मिळतो. तो मिळाल्यावर दुसरे कोणतेही अक्षर समोर पडले तर त्यावरून उडी मारून जावे. चुकून ‘एफ’ उचलल्याने बुडालेले डाव मी पुष्कळ पाहिले आहेत.

पहिला स्टेज: जंगल

येथेच सर्वाधिक वेळ द्यावा, कारण पुढचे सगळे नियम येथे शिकवले आहेत. सैनिक धावत येतात, काही उडी मारतात, काही थांबून नेम धरतात. थांबणारा सैनिक धोक्याचा, धावणारा नव्हे. धावणाऱ्याला पालथे पडून मारता येते. भिंतीतल्या फिरत्या बंदुका नळी तुमच्या दिशेला वळल्यावरच झाडतात, म्हणून नळी कुठे वळते आहे ते पाहत जावे आणि ती वळण्यापूर्वी तिरक्या कोनातून ती उडवावी. पुलांवर पाय ठेवताच ते मागून तुकड्या-तुकड्यांनी उडत येतात. पुलावर थांबायचे नाही. पाण्यात पडलात तरी घाबरू नये, कारण खालून चालत जाऊन पुन्हा वर चढता येते आणि बुडी मारून गोळ्या चुकवता येतात. पडदा मागे सरकत नाही, म्हणून पेटी मागे राहिली तर ती गेली.

स्टेजच्या शेवटी तटबंदी आहे: वर एक सैनिक, मध्ये दोन तोफा, आणि खाली लाल चमकणारे केंद्र. तोफांवर वेळ घालवू नये. केंद्र फुटले की तटबंदी पडते, तोफा शिल्लक असल्या तरी. खालच्या पातळीवर उतरून केंद्राच्या समोर यावे, तोफगोळे कमान करून पडतात त्यांच्या सावध अंतरावर एक पाऊल मागेपुढे करत राहावे आणि मारा थांबवू नये.

हा स्टेज एकही लाइफ न गमावता सलग काही वेळा पार होईपर्यंत दुसऱ्याकडे वळू नये. तबल्याचा कायदा आधी विलंबित लयीत हातात बसवतात आणि मगच दुप्पट करतात, त्याच क्रमाने हा खेळ येतो.

दुसरा आणि चौथा: तळाच्या आतले बोळ

येथे दृश्य पाठीमागून दिसते. समोरच्या भिंतीतले केंद्र फोडले की विजेचे कुंपण नाहीसे होते आणि ‘वर’ दाबून पुढच्या खोलीत जाता येते. कुंपणाला हात लागल्यास मरण येत नाही, पण झटका बसून माणूस काही क्षण खिळतो आणि तेवढ्यात गोळी लागते. पालथे पडल्यावर बहुतेक गोळ्या डोक्यावरून जातात. लोळत येणारे गोळे मात्र उडी मारूनच चुकवावे लागतात. लाल कपड्यांतला सैनिक पळताना दिसला तर बाकी सर्व सोडून त्याला टिपावे, शस्त्र त्याच्याकडे असते. चौथ्या स्टेजच्या बॉसची मस्तके दुभंगून फिरतात आणि पुन्हा जुळतात. दुभंगलेली असताना त्यांना काहीही लागत नाही. जुळण्याची जागा हेरून तिच्या खाली उभे राहावे.

तिसरा स्टेज: धबधबा

आमच्या घरी सर्वाधिक आरडाओरडा याच स्टेजमध्ये होतो. येथे पडदा वर सरकतो आणि पडद्याच्या खालच्या कडेखाली गेलेली प्रत्येक गोष्ट मेली असे धरले जाते, मग क्षणापूर्वी तेथे पक्की फळी का असेना. एकट्याने खेळताना नियम सोपा आहे: प्रत्येक फळीवर पाय टेकल्यावर क्षणभर थांबावे, वरच्या गुहेतून दगड सुटण्याची लय पाहावी, दगड शेजारून गेल्यावरच पुढची उडी घ्यावी. तरंगत्या खडकांवर उडी घेताना खडक तुमच्याकडे येत असतानाच घ्यावी. पुलांवर इकडून तिकडे फिरणाऱ्या ज्वाळा वळसा घेऊन जातात तोवर थांबावे.

दोघे खेळत असाल तर बोलणे अनिवार्य आहे. वरचा गडी एक उडी अधिक मारतो, पडदा वर सरकतो, आणि खालचा गडी काहीही न करता मरतो. माझी धाकटी भाची त्या वेळी ओरडते, “दादा, थांब ना रे, मी खालीच आहे!” आणि तोवर उशीर झालेला असतो. म्हणून आम्ही नियम केला आहे की मागच्याने “आले” म्हटल्याशिवाय पुढच्याने उडी मारायची नाही. ज्याच्या लाइफ संपल्या त्याला उडीचे बटण दाबून दुसऱ्याच्या साठ्यातली लाइफ घेता येते. हे विचारूनच घ्यावे, नाहीतर खेळ टीव्हीबाहेर सुरू होतो.

बॉस हा दोन हातांचा प्रचंड पुतळा आहे. आधी दोन्ही हातांची टोके उडवावीत, मग तोंड उघडण्याची वाट पाहावी. मिटलेल्या तोंडावर गोळ्या वाया जातात. तोंडाच्या समोर उडी मारून ‘एस’चे दोन दाब जवळून बसले की तो फार टिकत नाही.

पाचवा स्टेज: बर्फ

येथे घाई करणारा मरतो. वरून येणारे हातबॉम्ब ठरावीक अंतराने पडतात, म्हणून एक पडून फुटल्यावर पुढे सरकावे. वाटेत रणगाडे येतात. त्यांना उडी मारून ओलांडता येत नाही, ते फोडावेच लागतात आणि त्यांना पुष्कळ गोळ्या लागतात. रणगाडा पडद्यावर पूर्ण येण्याआधीच मारा सुरू करावा, पालथे पडून गोळे चुकवावेत, आणि मागे हटायला जागा राखून ठेवावी. शेवटची उडती तबकडी नाहीशी होते व दुसरीकडे प्रकटते. तिच्यातून सुटणाऱ्या लहान तबकड्या आधी टिपाव्यात आणि मगच मूळ तबकडीकडे पाहावे.

सहावा आणि सातवा स्टेज

सहाव्यात शत्रूंपेक्षा आगीचे फवारे अधिक बळी घेतात. प्रत्येक फवाऱ्याची चालू-बंद होण्याची लय ठरलेली आहे. पहिल्यांदा खेळताना एकेका फवाऱ्यापुढे थांबून तोंडाने मोजावे, आणि फवारा विझताक्षणी निघावे. विझल्यावर विचार करून निघालात तर दुसऱ्या टोकाला तो गाठतो. बॉस एक धिप्पाड चिलखती सैनिक आहे. तो उडी मारत पुढे येतो आणि काटेरी चकत्या फेकतो. नवखा खेळाडू त्याच्यापासून मागे पळत कोपऱ्यात अडकतो. त्याऐवजी तो उडी घेईल तेव्हा त्याच्या खालून पलीकडे धावावे, वळावे आणि पाठीवर मारा करावा. या बॉससमोर ‘एस’ नसेल तर लाइफ जाणार हे धरून चालावे, आणि म्हणूनच फवाऱ्यांत मरू नये.

सातव्यात छतावरून पंजे खाली येतात आणि जमिनीतून काटेरी भिंती वर येतात. पंजांची लय आधी सांगितल्याप्रमाणेच पाहावी. काटेरी भिंत वर येताना दिसली की तिच्यावर मारा करून ती फोडावी. शेवटच्या दाराजवळ सैनिक अखंड येत राहतात. त्यांना मोजत बसू नये, नेम दारावर ठेवावा.

आठवा स्टेज: परग्रहींचे बिऱ्हाड

येथे दृश्य मांसाच्या भिंतींचे आहे आणि सर्व शत्रू सजीव आहेत. सुरुवातीचे मोठे डोके तोंडातून गर्भासारखे जीव ओकते. ते जवळ येण्याआधी टिपत डोक्याजवळ सरकावे आणि अगदी निकट जाऊन मारा करावा. त्यानंतरच्या बोळात छतातली तोंडे पांढरे गोळे सोडतात. गोळा क्षणभर तरंगून मग तुमच्या दिशेने सरळ झेपावतो, म्हणून त्याने दिशा धरल्यावरच बाजूला व्हावे. आधी हललात तर तो नवी दिशा धरतो.

शेवटी हृदय आहे. त्याच्या आसपास छतावर आणि जमिनीवर अंडी आहेत व त्यांतून कोळ्यासारखे जीव निघून अंगावर उड्या घेतात. अंडी संपवून मग हृदयाकडे वळावे, असा सल्ला मी देत नाही, कारण त्यात वेळ जातो आणि वेळ गेला की कोळी वाढतात. वाटेतली तेवढीच अंडी फोडावीत, हृदयाशेजारी जावे आणि ‘एस’ थेट त्याच्यात रिकामा करावा. हृदय फुटते, बेटाचा स्फोट होतो आणि हेलिकॉप्टर निघून जाते. सरावलेल्या हाताला पहिल्या पडद्यापासून येथवर साधारण अर्धा तास लागतो.

३० लाइफचा उपयोग कसा करावा

वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए आणि स्टार्ट. दोघांसाठी स्टार्टच्या आधी सिलेक्ट. हा क्रम मुळात कॉन्ट्रासाठी बनलेला नव्हता. कोनामीचे काझुहिसा हाशिमोतो यांनी ‘ग्रॅडियस’ या खेळाच्या १९८६ च्या घरगुती आवृत्तीवर काम करताना, तो तपासण्यासाठी स्वतःलाच फार कठीण जातो म्हणून ही युक्ती घातली. जगभर ती कॉन्ट्रामुळे प्रसिद्ध झाली. हाशिमोतो यांचे निधन फेब्रुवारी २०२० मध्ये झाले.

ही युक्ती वापरणे कमीपणाचे आहे, असे मी मानत नाही, कारण ती तपासणीसाठीच जन्मली आहे आणि शिकणे हीही एक तपासणीच आहे. पहिल्या फेऱ्यांत ३० लाइफ घेऊन सर्व स्टेज डोळ्यांखालून घालावेत. त्यानंतर ज्या स्टेजमध्ये सर्वाधिक लाइफ जातात, त्याच्या आरंभी खेळ साठवून फक्त तोच स्टेज खेळावा. बॉसच्या ऐन तोंडाशी साठवण्याचा मोह टाळावा, कारण तसे केल्यास बॉस येतो पण त्याच्यापर्यंत ‘एस’ टिकवून नेणे येत नाही, आणि खरे कौशल्य तेच आहे. प्रत्येक स्टेज एकेका लाइफमध्ये जमू लागला की युक्ती बंद करून सलग खेळावे. ३ लाइफ संपल्यावर तीन वेळा त्याच स्टेजच्या आरंभापासून पुढे खेळण्याची संधी मिळते. सुरुवातीला ती घ्यावी आणि पुढे तीही सोडावी.

पुढे काय खेळावे

कॉन्ट्राचा वारसा समजून घ्यायचा तर त्याच्या वंशातले काही खेळ या क्रमाने घ्यावेत. ‘सुपर सी’ (१९९०) हा याच यंत्रावरचा पुढचा भाग. हाताला तोच पण जरा अधिक धारदार. त्याची युक्ती वेगळी आहे: उजवे, डावे, खाली, वर, ए, बी, स्टार्ट, आणि त्याने १० लाइफ मिळतात. १९९२ च्या तिसऱ्या भागात, ‘द एलियन वॉर्स’मध्ये, दोन शस्त्रे एकाच वेळी बाळगता येतात, आणि मेल्यावर सर्वस्व जाण्याची मूळ शिक्षा सौम्य होते. कोनामीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९९२ मध्ये ट्रेझर ही कंपनी काढली, आणि १९९३ चा त्यांचा ‘गनस्टार हीरोज’ हा याच प्रकाराचा अधिक मोकळा व उत्साही आविष्कार आहे. १९९६ चा ‘मेटल स्लग’ आर्केडच्या दुकानांत वाढला. २०१७ चा ‘कपहेड’ पाहताना रंग जुन्या व्यंगचित्रपटांचे दिसतात, पण बॉसने हल्ल्याआधी अंग आक्रसून इशारा द्यायचा आणि खेळाडूने तो वाचायचा, हा करार तोच आहे.

१९९४ च्या ‘हार्ड कोअर’ची जपानी आवृत्ती मिळाली तर आधी ती घ्यावी, कारण तिच्यात एका लाइफमध्ये तीन आघात सोसता येतात, अमेरिकेत विकताना तो आकडा एकावर आणला गेला आणि खेळ निष्कारण क्रूर झाला. २०२४ मध्ये वेफॉरवर्ड या कंपनीने बनवलेल्या ‘ऑपरेशन गलुगा’मध्ये पहिल्या कॉन्ट्राचेच प्रसंग नव्याने उभे केले आहेत आणि एका गोळीत मरायचे की काही आघात सोसायचे, हे खेळणाऱ्याला ठरवता येते. लहान मुलांसोबत खेळताना आघात सोसण्याची मुभा ठेवावी. जुना कॉन्ट्रा ३ लाइफमध्ये संपवलेल्यांनी ती बंद करून सुरुवात करावी.